गाजलेलं कृष्णवर्णीय नाटक पडद्यावर कसं न्यावं: एका जुन्या प्रॉम्प्टरच्या सूचना

सगळ्यात आधी नाटक मोठ्यानं वाचा. एका बैठकीत, रंगसूचनांसकट, शेवटचा पडदा पडेपर्यंत. पटकथेचं सॉफ्टवेअर उघडायची घाई नको. कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सनचं ‘फेन्सेस’ मनातल्या मनात वाचलं की वाटतं, यात घडतं तरी काय? 1957 सालचं पिट्सबर्ग, कचरागाडीवर काम करणारा 53 वर्षांचा ट्रॉय मॅक्सन, पगाराचा शुक्रवार, जिनची बाटली आणि परसात बसून चाललेल्या गप्पा. तेच मोठ्यानं वाचायला घ्या. थोड्या वेळात घसा कोरडा पडतो आणि कळतं की हा माणूस दम खायला थांबतो तेवढ्याच फटीत बाकीच्यांना तोंड उघडता येतं. बायको रोझ ती फट बरोबर हेरते, मित्र बोनो हसत हसत हेरतो, धाकट्या कोरीला ती सापडतच नाही. नाटक तिथे घडतंय. हे कळायच्या आत पटकथा लिहायला बसलात तर तुम्ही ट्रॉयला गाडीत घालून शहरभर फिरवणार, आणि बघणाऱ्याला वाटणार, हा बाबा फार बडबड करतो.

मी मूळची डोंबिवलीची. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करण्यात, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात, उमेदीची वर्षं गेली. नंतर पिट्सबर्गला आले आणि आता इथल्या एका लहानशा लेखन-कार्यशाळेत पटकथांचे मसुदे वाचून शेरे मारते. हे लिहितेय ते मराठी घरांतल्या मुलांसाठी. अटलांटा, शिकागो, न्यूयॉर्क इथे फिल्म शिकणाऱ्या पोरांचे मेसेज येतात: मावशी, वर्गात नाटकाचं रूपांतर करायला दिलंय, आमच्या गटानं विल्सन घेतलाय, सुरुवात कुठून करू? गटात दिग्दर्शन बहुधा कृष्णवर्णीय मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे असतं आणि आपलं पोर सहलेखक नाहीतर संकलक. ती वाटणी बरोबरच आहे. का, ते पुढे येईल.

समासात ऐकणाऱ्याचं नाव

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या. प्रत्येक लांब भाषणाशेजारी समासात ऐकणाऱ्याचं नाव लिहा, आणि ऐकताना त्याचं काय होतंय ते दोन-तीन शब्दांत. प्रॉम्प्टरला ही सवय आपोआप लागते. विंगेत संहिता धरून उभं राहिलं की बोलणाऱ्या नटाची फारशी काळजी नसते, त्याची गाडी रुळावर असते. डोळा असतो तो पुढचं वाक्य ज्याचं आहे त्याच्यावर. याला आठवतंय ना? श्वास घेतला ना? कॅमेराही बहुतेक वेळा तिथेच हवा असतो.

‘फेन्सेस’च्या दुसऱ्या अंकातला पहिला प्रवेश घ्या. ट्रॉय रोझला सांगतो की बाहेरच्या बाईपासून त्याला मूल होणार आहे. हे तोंडातून निघतंय न निघतंय तोच ट्रॉयचा भाऊ गेब्रिएल परसात येतो. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या डोक्याला मार बसला, कवटीत धातूची पट्टी आहे, आणि तो स्वतःला देवदूत गेब्रिएल समजतो. त्यानं रोझसाठी गुलाबाचं फूल आणलंय. रोझ ते घेते. आत फ्रिजमध्ये कलिंगड आहे, जा, खा जाऊन, असं त्याला सांगते. आणि मग नवऱ्याकडे वळते.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मसुद्यांत गेब्रिएलची ही एंट्री कापलेली असते. का कापलीस विचारलं की उत्तर ठरलेलं: ताण तुटतो. अरे बाबा, तुटत नाही, आणखी पिळला जातो. अठरा वर्षांचा संसार आत्ता, या मिनिटाला कोसळलाय, आणि या बाईला दिराशी गोड बोलावं लागतंय कारण त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. थिएटरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला रोझची बोटं दिसत नाहीत. तुम्हाला ती दाखवता येतात. नाटकापेक्षा सिनेमा इथे श्रीमंत आहे, आणि नेमकी हीच जागा आपण लांबी कमी करायला बळी देतो. पटकथेत फक्त ‘रोझ फूल घेते’ एवढंच लिहा. पुढे त्या फुलाचं काय करायचं ते नटीवर सोडा.

2016 च्या चित्रपटात रोझ झाली व्हायोला डेव्हिस. ट्रॉयला ती शेवटी उलट बोलू लागते तेव्हा तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतं, आणि संकलकानं ते कुठेही लपवलेलं नाही. तिला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती आणि ट्रॉय झालेला डेन्झेल वॉशिंग्टन दोघांनी 2010 मध्ये ब्रॉडवेवर हेच नाटक केलं होतं, दोघांनाही टोनी पुरस्कार मिळाला होता. बोनो, ट्रॉयचा मोठा मुलगा लायन्स आणि गेब्रिएल करणारे नटही त्याच प्रयोगातले. म्हणजे कॅमेरा सुरू होण्याआधी या माणसांनी एकमेकांना रात्रीमागून रात्र ऐकलं होतं. विद्यार्थ्यांच्या फिल्मला एवढी चैन परवडत नाही, मान्य. तरी चित्रीकरणाआधी सगळं नाटक सलग, प्रवेश न तोडता, एकदा तरी उभं करा. मंचावरचा आवाज कॅमेऱ्यासाठी खाली आणायची वेगळी तालीम त्यानंतर.

न दिसणारी माणसं

मग यादी करा: ज्यांचं नाव सतत निघतं पण जे मंचावर येत नाहीत ते. ‘फेन्सेस’मध्ये अल्बर्टा, ट्रॉयची बाहेरची बाई. विल्सनच्याच ‘द पियानो लेसन’मध्ये विहिरीत पडून मेलेला गोरा जमीनदार सटर. लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’मध्ये बिग वॉल्टर, ज्याच्या विम्याचे 10,000 डॉलर घरात यायचे आहेत आणि ज्यांच्यावर घरातल्या प्रत्येकाचा डोळा आहे.

कॅमेरा हातात आला की पहिला मोह यांना दाखवायचा. फ्लॅशबॅक, जुना फोटो, खिडकीतली बाई. दाखवण्याआधी एकच विचारा: हा माणूस दिसला तर घरातल्या कुणाचं दुःख हलकं होईल? अल्बर्टाचा चेहरा दाखवा. प्रेक्षक लगेच दोन बायकांची तुलना करू लागतो. ही तरुण, ती थकलेली. रोझचं भांडण अल्बर्टाशी नाहीच. ज्या जागी ट्रॉय अडकला असं तो म्हणतो, त्याच जागी तीही अठरा वर्षं उभी होती, आणि ते त्याला दिसलं नाही, हे तिचं म्हणणं. चित्रपटातही अल्बर्टा दिसत नाही. येतं ते तिचं मूल. बाळंतपणात अल्बर्टा जाते आणि ट्रॉय पोरीला घेऊन दारात येतो, तेव्हा प्रेक्षकाकडे बघायला दुसरा चेहराच नसतो. पोर, ट्रॉय आणि रोझ.

सांगायचं की दाखवायचं

‘सांगू नका, दाखवा’ हे फिल्म स्कूलमध्ये पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं. विल्सनच्या बाबतीत ते जरा बाजूला ठेवा. हा माणूस विशीत पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या वायली अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका सिगारच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकत उभा राहायचा. त्याच्या नाटकांतले लोक इतिहास सांगतात कारण तो दुसरीकडे कुठे नोंदवलेलाच नाही. सांगणं काढलंत तर ती नोंदच गेली.

‘द पियानो लेसन’ 1936 मध्ये पिट्सबर्गच्या एका घरात घडतं. बैठकीत पियानो, त्यावर कुटुंबाच्या पूर्वजांचे चेहरे कोरलेले. भाऊ बॉय विली तो विकून जमीन घ्यायची म्हणतो, बहीण बर्नीस विकू देत नाही. पियानोचा सगळा इतिहास काका डोकर एका लांबलचक कथनात सांगतो. 1911 च्या 4 जुलैला, गोरे लोक सण साजरा करत असताना, या घराच्या पुरुषांनी सटरच्या घरातून तो पळवला. माल्कम वॉशिंग्टनच्या 2024 च्या चित्रपटाची सुरुवात याच रात्रीनं होते: आकाशात आतषबाजी आणि तिच्या उजेडात पियानो उचलणारी माणसं. नाटकात मध्यावर ऐकू येणारी गोष्ट इथे पहिल्या काही मिनिटांत डोळ्यांसमोर येते.

म्हणून डोकरचं कथन गेलं का? नाही, राहिलं. राहायलाच हवं होतं. चोरी दिसू शकते. पण हा पियानो मुळात सटरांच्या घरी आला कसा, तर गुलामांच्या बदल्यात. मालकाकडे रोकड नव्हती, त्यानं या कुटुंबातली एक मोठी बाई आणि एक लहान मुलगा दिला. हिशेब असा: दीड माणूस. हा ‘दीड’ तुम्ही कॅमेऱ्यानं कसा दाखवणार? तो कुणीतरी स्वयंपाकघरात, इस्त्री किंवा भांडी चाललेली असताना, सवयीच्या आवाजात उच्चारावा लागतो. माझी कसोटी साधी आहे. हातापायांनी केलेलं कृत्य असेल तर दाखवून बघा. हिशेब असेल, किंमत असेल, कुणी कुणाला काय म्हणालं होतं ते असेल, तर ते सांगणाऱ्याच्या तोंडी राहू द्या.

नवा प्रसंग घालायचाच असेल तर ‘वन नाइट इन मायामी’ची सुरुवात अभ्यासा. केम्प पॉवर्सचं नाटक एका मोटेलच्या खोलीत घडतं. 25 फेब्रुवारी 1964 ची रात्र, बॉक्सर कॅशियस क्लेनं (पुढचा मुहम्मद अली) सॉनी लिस्टनला हरवलंय, आणि क्ले, कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स, गायक सॅम कुक आणि फुटबॉलपटू जिम ब्राउन गप्पा मारतायत. पटकथा पॉवर्सनं स्वतःच लिहिली, चित्रपट रेजिना किंगचा, 2020 चा. त्यात खोलीत शिरण्याआधी चौघंही आपापल्या जगात भेटतात. ब्राउनचा प्रसंग बघा. तो जॉर्जियात एका ओळखीच्या गोऱ्या वृद्धाकडे जातो. व्हरांड्यात बसवून घेतात, सरबत देतात, तोंड भरून कौतुक करतात. आत कपाट हलवायचं असतं. ब्राउन म्हणतो, मी हात लावतो ना. आणि तो म्हातारा, चेहऱ्यावरचं हसू जराही न ढळू देता, सांगतो की तुमच्या लोकांना आम्ही घरात घेत नाही. शिवी वापरून सांगतो.

बस, एवढंच. पुढे तासभर खोलीत ब्राउन कमी बोलतो आणि तुम्हाला कारण माहीत असतं. जो प्रसंग नंतरच्या शांततेला अर्थ देतो तो जोडावा. नुसती हवा बदलायला जोडलेला प्रसंग संकलनात पहिल्याच दिवशी उडतो, मी बघितलंय.

भिंती पाडण्याआधी

निर्मात्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: जरा बाहेर काढा ना नाटकाला. बाहेर काढायला हरकत नाही, पण नाटककारानं आत का कोंडलं होतं ते आधी शोधा.

‘अ रेझिन इन द सन’मध्ये शिकागोच्या साउथ साइडला एका कोंदट घरात पाच माणसं. पोरगा ट्रॅव्हिस बैठकीच्या सोफ्यावर झोपतो, संडास बाहेर पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांबरोबर सामाईक. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. सकाळी रांग लागली की घरातलं राजकारण ठरतं. इथली अडचण म्हणजेच कथानक. कॅमेरा बाहेर नेला की घर मोठं वाटायला लागतं, आणि गोऱ्यांच्या वस्तीत घर घ्यायच्या आईच्या निर्णयाची निकड कमी होते. 1959 ला नाटक ब्रॉडवेवर आलं, 1961 ला चित्रपट. पटकथा हॅन्सबेरीनं स्वतः लिहिली आणि तिनं बाहेरचे प्रसंग लिहिलेही होते. त्यातल्या एकात आई लीना वस्तीतल्या दुकानात महाग आणि खराब सफरचंदं बघून दूरच्या बाजारात जाते. म्हणजे बाहेर गेली तरी कोंडमारा तोच, फक्त आता त्याला भाव आणि दुकान मिळालं. कोलंबिया कंपनीनं यातलं बरंच कापलं. तिची न चित्रित झालेली पटकथा 1992 मध्ये पुस्तक म्हणून आली. मिळवा आणि चित्रपट शेजारी लावून वाचा. दोन वर्गांत शिकवणार नाहीत एवढं त्यात मिळेल.

‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’मध्ये उलटी युक्ती आहे. विल्सनच्या दहा नाटकांच्या मालिकेतलं पिट्सबर्गबाहेरचं हे एकच. 1927, शिकागो, ब्लूज गायिका मा रेनी आणि तिचे वादक जमलेत तो रेकॉर्डिंग स्टुडिओ. वर गोरे मालक, खाली तळघरात वादकांची खोली. नाटकात मार्च महिना आहे, थंडी. जॉर्ज सी. वुल्फच्या 2020 च्या चित्रपटात तो जुलै झाला. एका बदलात किती काम झालं बघा: पंखे, घाम, माच्या चेहऱ्यावरून ओघळणारा मेकअप, थंड कोकसाठी अडून बसणं. कोक मूळ नाटकातही आहे, पण उकाड्यात त्या हट्टाला धार येते. प्रसंग न वाढवता दाब वाढला. हवामान, वेळ, आवाज, प्रकाश यांत काय बदलता येईल ते आधी तपासा. नवं लोकेशन त्यानंतर. खर्चही वाचतो.

त्याच चित्रपटात तळघरात एक दार आहे. ट्रम्पेट वाजवणारा लेव्ही ते पुन्हा पुन्हा ढकलत राहतो. शेवटी उघडतं, तर पलीकडे चारी बाजूंनी भिंती, वर आभाळाचा तुकडा. नाटकात नसलेली ही गोष्ट मला पटते, कारण ती त्याच खोलीत सापडली. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, नेपथ्याच्या चौकटीत अशी एक वस्तू शोधा जिला नाटकानं हात लावलेला नाही.

‘फेन्सेस’मध्ये बाहेरचं फार थोडं आहे. सुरुवातीला ट्रॉय आणि बोनो कचरागाडीच्या मागे लटकून बोलतायत. तेच बोलणं नाटकात परसात होतं. मग ते चालत घरी येतात, गल्ली दिसते, आणि कॅमेरा परसात शिरून बहुतेक तिथेच राहतो. चित्रीकरण खऱ्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये झालं. तिथे जाणार असाल तर 1727 बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यू, विल्सनचं जन्मघर, जरूर बघा. 2022 पासून ते कलाकेंद्र म्हणून खुलं आहे. आणि खालच्या बाजूला चालत जा. 1950 च्या दशकात लोअर हिल पाडून 8,000 हून जास्त लोकांना हलवलं आणि तिथे मोठं क्रीडागृह बांधलं. आज मोकळे प्लॉट इतके आहेत की कॅमेरा जरा रुंद घेतला तर 1957 सालची गजबज दिसायच्या ऐवजी गवत दिसेल. परसातच राहावं लागण्यामागे हेही एक व्यावहारिक कारण ठरू शकतं.

गाणं

थोडक्यात सांगते. नाटकात गाणं असेल तर ते नटांकडून, चित्रीकरणाच्या वेळीच, प्रत्यक्ष गाऊन घ्या. ‘द पियानो लेसन’मध्ये चार पुरुष स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगातलं कामगाणं म्हणतात. पाय आपटतात, टेबल वाजवतात. स्टुडिओत स्वच्छ ध्वनिमुद्रण करून ओठ हलवले तर हे गाणं मेलं. लाकडाचा आवाज हवा. साउंड रेकॉर्डिस्टला टेबलाखाली माइक लावायला सांगा.

खोलीत कोण बसणार

विल्सननं 1990 मध्ये जाहीर लिहिलं की ‘फेन्सेस’ला कृष्णवर्णीय दिग्दर्शक हवा. पॅरामाउंट कंपनीनं नट एडी मर्फीसाठी 1987 मध्ये हक्क घेतले होते. ही अट सुटली नाही. विल्सन 2005 मध्ये गेला आणि चित्रपट 2016 मध्ये आला, त्यानंच लिहिलेल्या पटकथेवर. इतकी वर्षं थांबायचं कारण निव्वळ कातडीचा रंग नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की ज्याला ही संस्कृती आतून जगून माहीत आहे त्यानंच ती हाताळावी.

हे सेटवर कसं दिसतं? केसांत दिसतं. ‘मा रेनी’च्या रंगभूषा आणि केशभूषेला ऑस्कर मिळालं तेव्हा मिया नील आणि जमिका विल्सन या विभागात ते मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया ठरल्या. 2021 साली! तोवर किती अभिनेत्रींचे केस सेटवर कुणालाच कळत नसतील, विचार करा. प्रकाशयोजनेतही दिसतं. गडद त्वचेला फिकट भिंतीसमोर उभं करून भिंतीच्या हिशेबानं एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) लावलं की चेहरा काळा डाग होतो. चेहऱ्यावरून मोजा आणि भिंत सावरा. तुमच्या गटात हे ज्याला माहीत आहे त्याच्या हाती निर्णय द्या. आपण मराठी मुलांनी सहलेखनात, संकलनात जीव ओतावा. दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे घरी ऐकलेलं असतं, म्हणून आपल्याला सगळं कळतं असं काहींना वाटतं. आस्था असते ती खरीच. पण रविवारी चर्चहून आल्यावर रोझ हॅट कुठे ठेवते हे आस्थेनं कळत नाही, विचारावं लागतं.

हक्क

प्रयोगाची परवानगी आणि चित्रीकरणाचे हक्क पूर्ण वेगळे. नाटक बसवायचा परवाना मिळाला म्हणून ते शूट करून यूट्यूबवर टाकता येत नाही. वर्गातल्या सरावापुरतं लिहा, पुढे न्यायचं तर नाटककाराच्या किंवा वारसांच्या एजंटशी लेखी ऑप्शन, म्हणजे हक्क काही काळ राखून ठेवायचा करार, करा: ठरावीक मुदत, ठरावीक रक्कम, आणि संवाद बदलायला कुणाची संमती लागेल याचं कलम. विल्सनसारख्यांचे हक्क विद्यार्थ्याला मिळणं जवळपास अशक्य. त्यापेक्षा तुमच्या शहरातलं, लोकांनी डोक्यावर घेतलेलं, हयात लेखकाचं नाटक शोधा. लेखक तालमीला येऊन बसेल, हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

जिथे वास्तव सुटतं

या नाटकांच्या शेवटी बऱ्याचदा चमत्कार असतो. ‘फेन्सेस’च्या शेवटी गेब्रिएल ट्रॉयसाठी स्वर्गाचं दार उघडायला तुतारी फुंकतो, तिला तोंडाला लावायचा भागच नाही, आवाज फुटत नाही, मग तो नाचतो, ओरडतो, आणि दार उघडतं. मंचावर आपण ते मानून घेतो. कॅमेऱ्यासमोर मानून घेणं अवघड. चित्रपटात ढगांतून ऊन पडतं. मला ते थोडं सोपं वाटलं. नुसता तो माणूस आणि त्याच्याकडे बघणारं कुटुंब पुरलं असतं. पण दुसऱ्या टोकाला जाऊन चमत्कार कापूही नका. सटरचं भूत कापून ‘पियानो लेसन’ला भावाबहिणीच्या मालमत्तेचा खटला करणारे मसुदे मी वाचलेत. कोरडे ठाक.

एन्टोझाके शांगेच्या 1976 मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या ‘फॉर कलर्ड गर्ल्स’ या कवितानाट्याला टायलर पेरीनं 2010 मध्ये पडद्यावर आणलं. मूळ नाटकात सात बायका, नावं नाहीत, फक्त रंग. चित्रपटानं त्यांना नावं, नोकऱ्या, घरं, पुरुष दिले. नट्या एकाहून एक. तरी दर वेळी कविता सुरू झाली की सांधा दिसतो, कारण आजूबाजूचं सगळं मालिकेसारखं वास्तव झालंय. काव्य ठेवायचं तर त्याच्या भोवतीची खोलीही थोडी काव्याची ठेवावी लागते.

शेवटचं वाचन

मसुदा झाला की वाचन ठेवा, आणि ज्यांचं हे नाटक आहे त्यांना बोलवा. चर्चमधल्या आजी, निवृत्त शिक्षक, ज्यांनी मूळ प्रयोग बघितलेत असे लोक. खाऊपिऊ घाला. तुम्ही कोपऱ्यात बसा आणि बोलणाऱ्या नटांकडे बघूच नका. काही वाक्यं नटाच्या आधी श्रोत्यांच्या ओठांवर येतील. ‘नटसम्राट’मधलं घर मागणारं स्वगत सुरू झालं की आपल्याकडे सभागृहात जे होतं, तेच. प्रत्येक अशा वाक्यापुढे खूण करा. ती वाक्यं कापायची नाहीत, दोन प्रसंगांत वाटायची नाहीत, त्यांच्यावर पार्श्वसंगीत चढवायचं नाही, आणि ती चालू असताना कॅमेरा हलवायचा नाही. दिग्दर्शकानं का म्हणून विचारलं तर पुढच्या वाचनाला त्याला आजींच्या शेजारची खुर्ची द्या.